परीक्षेच्या दिवसांतील झोप: अश्वगंधा की योगनिद्रा?

वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या भाचीने परवा विचारले, "मावशी, परीक्षा आली की झोपच लागत नाही, अश्वगंधा घेऊ की योगनिद्रा करू?"

खर्चाचा प्रश्न लगेच सुटतो, कारण योगनिद्रेला एक सतरंजी आणि वीस-तीस मिनिटे पुरतात, तर गोळ्या दर महिन्याला विकत घ्याव्या लागतात. परिणामाचे म्हणाल, तर अश्वगंधेच्या छोट्या चाचण्यांत ताण आणि झोप यांत थोडा फरक दिसला आहे, पण काही आठवडे नियमित घेतल्यावर. पेपर चार दिवसांवर असताना ती सुरू करण्यात अर्थ नाही. योगनिद्रेत उताणे पडून उजव्या हाताच्या अंगठ्यापासून एकेका अवयवावर लक्ष नेतात. अंग त्याच दिवशी सैलावू शकते, मात्र खोलीत दिवा आणि गप्पा चालू असल्या की मन भरकटते. सवय व्हायला वेळ लागतो.

मला खरी काळजी सुरक्षिततेची वाटते. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या, क्वचित का होईना, नोंदी आहेत आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. थायरॉईडची किंवा झोपेची औषधे घेणाऱ्यांनी, तसेच यकृताचा त्रास असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

म्हणून केवळ परीक्षेपुरती झोप उडत असेल, तर योगनिद्रा बरी. ताण महिनोन्‌महिने टिकत असेल आणि प्रकृती ठीक असेल, तर वैद्यांच्या देखरेखीखाली ठरावीक काळ अश्वगंधा घेता येईल. उदासी जातच नसेल, तर दोन्ही बाजूला ठेवून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.