आठ महिने, एक जाळी आणि घरचे चिकन विंग्स: वापरानंतरचा अनुभव

आठ महिने झाले, जवळपास दर आठवड्याला एकदा घरी विंग्स करतेय, म्हणजे तीसएक वेळा तरी झाले असतील, आणि आता कुठं वाटतंय की यावर नीट लिहावं. पहिल्याच महिन्यात लिहायला बसले असते तर चुकीचं लिहिलं असतं, कारण तेव्हा माझी पक्की समजूत होती की विंग्सची चव सॉसमध्ये असते. त्यामुळं पैसेही तिथंच गेले, तयार सॉसच्या बाटल्या, तयार मसाल्यांच्या डब्या, आणि एवढं करून विंग्स मात्र वातडच. चव कातडीत असते आणि कातडी नीट करायला लागतं मीठ, थोडी बेकिंग पावडर आणि फ्रीजमधली एक रात्र. बाकी सगळं नंतर.

माझ्याकडं काय आहे ते आधी सांगते. साधा घरगुती ओव्हन, एक खोल कडांचा ट्रे, आणि त्या ट्रेवर बसेल अशी तारेची जाळी. हा रिव्ह्यू खरं तर त्या जाळीचा आणि त्यावरच्या पद्धतीचा आहे. मधे अडीच-तीन महिने बहिणीचा एअर फ्रायरही माझ्याकडं होता, त्याबद्दल पुढं लिहिलंय.

सुरुवात झाली ती बाहेरून मागवलेल्या विंग्समुळं. डब्यात बंद होऊन येतात, वाटेत वाफ धरते, उघडेपर्यंत कातडी ओलसर होऊन मांसावरून सुटायला लागते. आम्ही घरात चौघं, चौघांचं पोट भरेल एवढं मागवायचं म्हटलं की बिल बघून जीव खालीवर व्हायचा, आणि मुलाला तर तेच हवं असायचं. म्हटलं बघू घरी करून.

खरेदीत पहिली बचत म्हणजे अख्खे विंग्स घ्या, तुकडे करून ठेवलेले घेऊ नका. कापण्याचे पैसे वेगळे लागतात आणि टोकं आपल्याला मिळत नाहीत, त्या टोकांचं मोठं काम आहे, पुढं सांगते. एका किलोत साधारण दहा-बारा अख्खे विंग्स बसतात, म्हणजे कापल्यावर वीस-चोवीस तुकडे. अख्ख्या विंगला तीन भाग असतात, खांद्याकडचा जाडा भाग जो छोट्या लेगपीससारखा दिसतो, मधला चपटा ज्यात दोन बारीक हाडं असतात, आणि शेवटचं टोक. कापायची मला भीती वाटायची, सुरीनं हाडावर घाव घालत बसायचे, हाडाचे बारीक कण मांसात जायचे आणि खाताना दाताखाली यायचे. मग लक्षात आलं की घाव घालायचाच नाहीये. सांधा उलट्या बाजूला वाकवायचा, अंगठा आतून फिरवायचा, दोन हाडांच्या मधे एक मऊ खोबण लागते, तिथं सुरीचं टोक ठेवून दाबलं की लोण्यासारखी आत जाते. कडक लागलं तर जोर करायचा नाही, सुरी इकडं किंवा तिकडं अगदी दोन-तीन मिलिमीटर सरकवायची. आता किलोभर विंग्स कापायला मला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

मी आधी कच्चं चिकन नळाखाली धुवायचे. ते बंद केलं. पाण्याचे शिंतोडे सिंकभर, ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर उडतात आणि त्याबरोबर साल्मोनेलासारखे जंतूही पसरतात, ते मरतात ते शिजवण्यानं, धुण्यानं नाही. वर कातडी आणखी ओली होते, आणि ओली कातडी म्हणजे आपल्या सगळ्या मेहनतीवर पाणी. त्यामुळं आता फक्त किचन टिश्यूनं टिपून घेते, तेही वरवर नाही, घडीत अडकलेलं पाणीसुद्धा दाबून काढते.

मग मीठ आणि बेकिंग पावडर. माझं ठरलेलं माप म्हणजे १ किलो विंग्सला १० ग्रॅम मीठ आणि सपाट एक मोठा चमचा बेकिंग पावडर. सॉस खारट असेल तर मीठ ८ ग्रॅमवर आणते, कारण बेकिंग पावडरमध्येही सोडियम असतं. वजनकाटा नसेल तर दोन सपाट छोटे चमचे बारीक मीठ साधारण तेवढंच भरतं, पण काटा घेतल्यापासून माझी चव दर वेळी सारखी यायला लागली, तेवढा खर्च मला पटला. दोन्ही एकत्र करून चाळणीतून भुरभुरवायचं आणि हातानं चोळायचं, नाहीतर एका तुकड्यावर ढेपूळ आणि दुसरा कोरडाठाक.

बेकिंग पावडरनं होतं काय, तर कातडीचा पृष्ठभाग थोडा अल्कधर्मी होतो, त्यामुळं ती लवकर आणि जास्त तांबूस होते, भाजल्याचा तो खमंग वास त्यातूनच येतो. शिवाय बारीक बारीक फोड येऊन कातडी खडबडीत होते, आणि त्या खाचाखोचांत सॉस धरून राहतो. इथं माझी एक मोठी चूक झाली होती ती सांगते म्हणजे कुणाची तरी वाचेल. दुसऱ्या आठवड्यात बेकिंग पावडर संपली होती, मी खाण्याचा सोडा घातला, तेवढ्याच मापानं. सोडा खूप जास्त तीव्र असतो आणि त्यात बेकिंग पावडरसारखं आम्ल नसतं. रंग सुंदर आला, ट्रे बाहेर काढला तेव्हा फार आनंद झाला, आणि पहिल्या घासाला साबणासारखी कडवट चव. किलोभर चिकन टाकून द्यावं लागलं, मला फार वाईट वाटलं. तर पावडर म्हणजे पावडरच. आणि जमलं तर अ‍ॅल्युमिनियम नसलेली घ्या, साध्या पावडरनं कधीकधी धातूसारखी चव मागं राहते.

आता एक रात्र. चोळलेले विंग्स जाळीवर एकमेकांना न चिकटता मांडायचे आणि फ्रीजमध्ये उघडे ठेवायचे, सगळ्यात खालच्या कप्प्यात, खाली ट्रे असतोच म्हणजे थेंब कशावर पडत नाहीत. झाकायचं नाही, हे मला पटायला वेळ लागला. फ्रीजमधली हवा कोरडी असते, ती कातडीतलं पाणी ओढून घेते आणि मीठ तेवढ्या वेळात आत मुरतं. सकाळी उघडून बघा, रात्री पांढरट, सैल, सुरकुतलेली कातडी आता मांसाला घट्ट बसलेली असते, किंचित पिवळसर, ट्रेसिंग पेपरसारखी आरपार, बोट लावलं तर बोट ओलं होत नाही. ती खूण दिसली की समजायचं आता बिघडणं अवघड आहे. घाई असेल तर चार-पाच तासांतही बऱ्यापैकी काम होतं, पण फरक कळतो, मी दोन्ही एकाच दिवशी शेजारी शेजारी भाजून बघितलेत.

भाजणं दोन टप्प्यांत. आधी १२० अंशांवर ३० मिनिटं, मग २२० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, मधे एकदा उलटायचे. पहिला टप्पा लोक गाळतात, मीही गाळायचे, पण विंग्सच्या कातडीखाली चरबीचा चांगला थर असतो, तो हळूहळू वितळून खाली गळायला वेळ द्यावा लागतो. एकदम मोठ्या आचेवर टाकलं तर वरून रंग येतो पण आत चरबी तशीच, चावलं की रबर. जाळी हवी ती यासाठीच, चरबी खाली जाते आणि गरम हवा खालूनही लागते. ट्रेवर थेट ठेवले तर खालची बाजू स्वतःच्याच चरबीत आणि रसात शिजते, मऊ पडते, उलटताना कातडी ट्रेला चिकटून फाटते. तेल मी एक थेंबही वापरत नाही.

चिकन आतून ७४ अंशांना पोचलं की खायला सुरक्षित असतं, पण विंग्स तिथं थांबवू नका. सांध्याजवळ चिवट ऊतक खूप असतं, ते ८५-९० अंशांपर्यंत गेलं की विरघळून मऊ, चिकटसर होतं आणि हाड सहज सुटतं. छातीचं मांस एवढं शिजवलं तर भुसा होतो, विंग्सचं तसं होत नाही. त्यामुळंच नवशिक्यांना मी आधी विंग्सच करा म्हणते, पाच मिनिटं जास्त झाली म्हणून ते रुसत नाहीत.

आता सॉस. सहा बाटल्या आणून झाल्यावर सांगते, घरी केलेला मला जास्त आवडतो. ज्या बफेलो विंग्सची जगभर नक्कल होते ते १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या अँकर बारमध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी केले असं सांगतात, आणि त्या सॉसचा गाभा काय तर तिखट मिरचीचा आंबट सॉस आणि बटर. बस. म्हणजे तिखट, आंबट, खारट आणि चरबी. मी १ किलोला ५० ग्रॅम बटर अगदी मंद आचेवर वितळवते, दोन पाकळ्या लसूण किसून घालते, अर्धा मिनिट, वास सुटला की गॅस बंद. बंद केल्यावरच दोन छोटे चमचे लाल तिखट, नाहीतर ते करपतं आणि सगळा सॉस कडू. मग दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि जोरात फेटायचं, चव बघून चिमूटभर मीठ. छान दाट, चकचकीत होतो. परत उकळलात तर फाटतो, तूप वर आणि पाणी खाली. मला कधी गोडसर हवा असेल तर चमचाभर मध घालते, पण मध किंवा साखर असलेला सॉस भाजण्याआधी लावायचा नाही, २२० अंशांवर तो काळा पडणारच. माझ्या पहिल्या महिन्यातल्या निम्म्या ट्रेंचं हेच झालं होतं.

सॉस शेवटी, मोठ्या भांड्यात, विंग्स ओव्हनमधून काढून दोन-तीन मिनिटांनी, आणि पान वाढायला घेतल्यावरच. वरखाली घोळवायचे आणि लगेच खायचे. पंधरा मिनिटं ठेवलेत तर रात्रभराच्या मेहनतीची कातडी मऊ. नवरा उशिरा येणार असेल तर त्याचे कोरडेच ठेवते. खरं सांगायचं तर आता आम्हाला कोरडेच जास्त आवडायला लागलेत, गरम असताना ताजी मिरपूड, लिंबाची किसलेली साल आणि ट्रेमधली चमचाभर गळलेली चरबी. यात खर्च जवळपास शून्य आणि चिकनची स्वतःची चव लागते.

टोकांचं काय करायचं, तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये साठवायची. अर्धा किलो जमली की बुडतील एवढं पाणी, एक कांदा, पाचसहा मिरे, मंद आचेवर अडीच-तीन तास. गाळून फ्रीजमध्ये ठेवलं की जेलीसारखं थलथलतं, एवढा स्टॉक टोकांतून निघतो. सूप, भात, रस्सा, कशातही घाला. हे मी हिशोबात धरते, त्याच पैशात अजून एक जेवण निघतं.

तक्रारीही आहेत. पहिली जाळी स्वस्तातली, चकचकीत मुलामा दिलेली घेतली होती, चौथ्या महिन्यात सांध्यांशी गंज धरला आणि मुलामा सुटायला लागला, ती सरळ टाकली. दुसरी स्टेनलेस स्टीलची आहे, किंमत जास्त गेली पण अजून जशीच्या तशी. इथं पैसे वाचवू नका. जाळी घासणं हे खरंच कंटाळवाणं काम आहे, त्यावर माझा उपाय म्हणजे जेवायला बसण्याआधीच गरम पाणी आणि साबणात बुडवून ठेवायची, उठेपर्यंत निम्मं सुटलेलं असतं. ट्रेला फॉइल लावते. मोठ्या आचेवर गळलेली चरबी धुरकटते, म्हणून पहिला टप्पा संपला की ती एका वाटीत ओतून घेते, धूर बराच कमी होतो आणि ती चरबी बटाटे भाजायला कामी येते. ओव्हन सव्वा तास चालतो, त्यामुळं अर्धा किलोसाठी तो लावणं मला परवडत नाही, जाळी भरेल एवढंच करते. पण दाटी करून नाही. एकदा दोन किलो कोंबले होते, तुकडे एकमेकांच्या वाफेत उकडले.

एअर फ्रायरबद्दल. २०० अंशांवर २२ ते २५ मिनिटं, मधे एकदा हलवायचं, पहिला मंद टप्पा लागत नाही, आणि कातडी ओव्हनइतकीच, कधीकधी जास्तच कुरकुरीत. एक-दोन माणसांसाठी मी डोळे झाकून तोच घ्या म्हणेन, वीजही कमी लागते. पण एका थरात आठ-दहा तुकडेच बसतात आणि आम्ही चौघं, तिसरा घाणा निघेपर्यंत पहिला गार. त्यामुळं तो परत दिला आणि घेतला नाही. एक रात्र फ्रीजमध्ये मात्र त्यालाही लागते.

फ्रोझन विंग्स स्वस्त मिळाले तर जरूर घ्या, फक्त आदल्या दिवशी फ्रीजमध्ये पूर्ण सुटू द्या, ओट्यावर नाही, आणि दुप्पट टिश्यू लागतील असं धरा, पाणी खूप सोडतात. मी त्यांना फ्रीजमध्ये दोन रात्री देते.

उरले, म्हणजे आमच्याकडं क्वचितच उरतात, तर सॉस न लावलेले डब्यात घालून फ्रीजमध्ये तीन दिवस राहतात. परत गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, कातडी लगेच मऊ पडते. २०० अंशांच्या तापलेल्या ओव्हनमध्ये त्याच जाळीवर आठ-दहा मिनिटं, तडतडायला लागले की काढायचे.