आठ महिने नदीवर: टीडीएसचं पेन आणि गढूळपणाची नळी

आमच्या दोडामार्गाकडच्या नदीला वरच्या अंगाला लोहखनिजाची खाण आहे. जूनमध्ये मी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी) दाखवणारं पेनासारखं मीटर मागवलं आणि दर रविवारी पाणी मोजायला लागलो. काकी म्हणाली, "पानी तांबडा झाला तर डोळ्यांक दिसताच मा, तुका यंत्र कित्याक होया?"

जुलैतल्या एका रविवारी नदी गेरूसारखी वाहत होती. पेन बुडवलं, आकडा आला ३८. पिण्याच्या पाण्याला ५००पर्यंत (लिटरमागे मिलिग्रॅम) चालतं, म्हणजे त्या पेनाच्या हिशेबात हे पाणी उत्तमच! नंतर उलगडा झाला. हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. खाणीची माती विरघळत नाही, नुसती तरंगत येते. त्यात पावसाचं पाणी मिसळलं की आकडा उलट उतरतो. नुसत्या टीडीएसवर कोणी "पाणी चांगलं आहे" म्हणालं तर मानू नका.

म्हणून ऑगस्टमध्ये गढूळपणा मोजायची नळी घेतली. पारदर्शक नळी, तळाशी काळी-पांढरी चकती. वरून बघत पाणी ओतायचं, चकती दिसेनाशी झाली की पाणी किती सेंटिमीटर चढलं ते वाचायचं; आकडा जितका मोठा तितकं पाणी नितळ. ना सेल, ना स्क्रीन. सगळ्यात जास्त कामाला आली ती हीच.

पण एकाच जागी मोजून उपयोग नाही. आपली जांभ्याची माती, पावसात कोकणातला कुठलाही व्हाळ (ओढा) तांबडा होतोच. मी खाणीकडून येणारा व्हाळ नदीला मिळतो त्याच्या वर आणि खाली, एकाच दिवशी मोजतो. पाऊस थांबला की वरचं पाणी दीड-दोन दिवसांत निवळतं. खाली पाचव्या दिवशीही चकती दिसत नव्हती. बाटली रात्रभर ठेवली तर तळाला बोटभर गाळ, चिमटीत धरला तर पिठासारखा मऊ. हाच गाळ मळ्यात शिरला की वाळून दगडासारखा घट्ट बसतो. चढणीचे मासे (पावसात प्रवाहाच्या उलट वर येणारे) ज्या कोंडीत, म्हणजे नदीतल्या खोल डोहात, धरायचो, तिचा तळ आता पायाला लागतो. फार वाईट वाटतं.

पेनाचा पीएच मोजणारा भाग नाजूक आहे. टोक कोरडं पडलं की खराब होऊ शकतं, पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात ठेवावं लागतं. दर पंधरा दिवसांनी पीएच ६.८६ आणि ४च्या तयार द्रावणांत बुडवून आकडा जुळवून घ्या. आपल्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे आकडा स्थिरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. घाई केलीत तर चुकीचा लिहाल. खाडीच्या तोंडाशी राहत असाल तर ओहोटीलाच मोजा, भरतीचं खारं पाणी टीडीएस हजारोंनी वाढवतं.

लोह, मँगनीज यातलं काहीच ही साधनं सांगत नाहीत, त्याला प्रयोगशाळाच लागते. पिण्याच्या पाण्याची गढूळपणाची मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक), दुसरा स्रोतच नसेल तर ५. नळी इतकं बारीक दाखवत नाही. विहिरीच्या पाण्यासाठी तिच्यावर विसंबू नका.

वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, वेळ, आदल्या दिवशीचा पाऊस, वरचा आकडा, खालचा आकडा. ग्रामसभेत "पाणी गढूळ येतं" हे आम्ही दरवर्षी सांगायचो. यंदा वही पुढे ठेवली, तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी पानं उलटून बघितली. काकीलाही मी तेच दाखवलं. आता रविवारी नळी तीच धरते.