सीस्टार एस५० : १,२०० कोटी वर्षांचा प्रकाश अंगणात

झेडडब्ल्यूओ कंपनीची सीस्टार एस५० ही दुर्बीण घेतल्याला आता दुसरा हिवाळा सरला. मृगातला तेजोमेघ आणि देवयानी दीर्घिका यांची तिने काढलेली छायाचित्रे एव्हाना सर्वांच्या पाहण्यात आली आहेत, त्यामुळे त्यांविषयी लिहीत नाही. अवघ्या ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाने किती लांबचे टिपता येते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे.

त्यासाठी मी गवय तारकासमूहातला एपीएम ०८२७९+५२५५ हा क्वेसार (म्हणजे महाकाय कृष्णविवरामुळे झळकणारे अतिदूरच्या दीर्घिकेचे केंद्र) निवडला. १९९८ साली प्रकाशात आलेल्या या क्वेसारपासून निघालेल्या प्रकाशाला इथवर पोहोचायला सुमारे १,२०० कोटी वर्षे लागली. तो निघाला तेव्हा सूर्य जन्मायलाच सातशे कोटींहून अधिक वर्षे अवकाश होता. गुरुत्वीय भिंगामुळे, म्हणजे वाटेतल्या वस्तुमानाच्या ओढीने प्रकाश वाकून एकवटल्यामुळे, क्वेसारचे तेज कित्येक पटींनी वाढलेले आहे, तरीही तो पंधराव्या प्रतीच्या (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक) आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून सुमारे चार हजारपट अंधुक आहे.

पुण्यातल्या गच्चीवरची पहिली रात्र मी माझ्याच हाताने वाया घालवली. दुर्बिणीत प्रकाशप्रदूषणावर उपाय म्हणून बसवलेला फिल्टर हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठरावीक रंगांचाच प्रकाश आत सोडतो. तेजोमेघांसाठी तो उत्तम. पण क्वेसारचा प्रकाश सगळ्या रंगांत विखुरलेला असल्याने त्यातला बहुतांश फिल्टरवरच अडतो, आणि तो बंद करायला मी विसरलो. दुसऱ्या रात्री फिल्टरविना वीस मिनिटांत ठिपका दिसला खरा, पण शहराच्या उजेडाने आलेल्या रवाळपणातून तो वेगळा काढताना माझी खात्री होईना.

खरे काम झाले ते फेब्रुवारीत, जुन्नर तालुक्यातल्या आमच्या घराच्या अंगणात. तिथे बिबट्याच्या भीतीने रात्री कोणी बाहेर रेंगाळत नाही, आणि नेमका याच ठिकाणी या दुर्बिणीचा मोठा गुण कळला: अंगणात मांडून, पातळी जुळवून, एकदा लक्ष्य दिले की पुढचे सारे पडवीतून मोबाइलवर चालते. दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम ती स्वतःच एकावर एक रचत जाते आणि आवाज (म्हणजे चित्रातला रवाळपणा) हळूहळू निवळत जातो. चाळीस मिनिटांनी शेजारच्या ताऱ्यांचे आकृतिबंध नकाशाशी जुळवले, तेव्हा क्वेसार नेमक्या जागी होता. चुलत्यांना फोन दाखवला, तर त्यांनी चष्मा सारखा करून आधी पडद्यावरची धूळ पुसली. ठिपका जागचा हलला नाही.

मात्र तो ठिपकाच असतो, हे विकत घेणाऱ्याने आधी समजून घ्यावे. नाभीय अंतर २५० मिलिमीटर आणि सेन्सर १९२० × १०८० पिक्सेलचा, त्यामुळे एका पिक्सेलमध्ये आकाशाचे जवळपास अडीच विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) मावतात. ही दुर्बीण लांबचे दाखवते. मोठे करून दाखवत नाही. तीन कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास असलेल्या एम५१ या दीर्घिकेच्या सर्पिल भुजा ओळखता येतात, त्यापलीकडे तपशील झपाट्याने विरतो.

दुसरी मर्यादा आपल्या अक्षांशाची आहे, आणि युरोपातली परीक्षणे वाचून ती लक्षात येत नाही. दुर्बीण आडवी-उभी फिरून तारा धरून ठेवते, पण तेवढ्या वेळात चित्र स्वतःभोवती फिरत राहते. पुण्याच्या अक्षांशावर हा क्वेसार उत्तरेला ५६ अंशांवर येतो, तेव्हा हे फिरणे तासाला सुमारे पंचवीस अंश भरते. तीस सेकंदांच्या फ्रेममध्ये कडेचे तारे तीन-चार पिक्सेल ओढले जातात, म्हणून मी दहा सेकंदांवरच थांबतो आणि रचलेल्या चित्राचे कोपरे छाटून टाकतो. पुढे आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दुर्बीण ध्रुवाकडे कलती ठेवून हे टाळण्याची सोय आहे, पण ध्रुवतारा जेमतेम साडेअठरा अंशांवर असल्याने आपल्याकडे ती जवळजवळ आडवी करावी लागते. सोबतच्या छोट्या तिपाईवर हा प्रयोग करू नये. तोल एका बाजूला जातो. कॅमेऱ्याची जड तिपाई आणि कल देणारे भक्कम बूड यांचा खर्च आधीच हिशेबात धरावा. प्रत्येक फ्रेम वेगळी साठवायची असेल, तर ती चार मेगाबाइटची असल्याने तासाला दीड गिगाबाइट लागते. ६४ गिगाबाइटच्या साठ्यात तेवढी जागा आरामात आहे.