ओव्हरफ्लोच्या पाइपात स्क्रू

गाडी नुसती उभी असताना कार्बोरेटरखालच्या पाइपातून पेट्रोल टपकत असेल, आणि मेकॅनिक कार्बोरेटरची खालची वाटी (तिच्यात पेट्रोल साठतं) न उघडताच "अख्खा कार्बोरेटर बदलावा लागेल" म्हणाला, तर गाडी तशीच टेम्पोत घाला आणि घरी आणा. भाडं फुकट गेलं तरी चालेल. आमचे 11,500 रुपये गेले, आणि पाठोपाठ 28,000 रुपयांचं इंजिनाचं काम गळ्यात पडता पडता राहिलं. किनाऱ्यावर जुन्या एटीव्ही, म्हणजे जाड टायरांच्या, हँडलच्या चारचाकी गाड्या, बऱ्याच जणांकडे आहेत आणि पावसाळा संपला की सगळ्यांच्या एकदमच कुरकुरायला लागतात, म्हणून हे जरा सविस्तर.

आमचं घर देवबागला. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. वाडीतले नारळ घरापर्यंत आणायला, होमस्टेच्या पाहुण्यांच्या बॅगा आणि गॅसचे सिलिंडर वाहायला ही गाडी. जुनी जपानी, 250 सीसी, मिकुनी या जपानी कंपनीचा कार्बोरेटर. एटीव्हीला आपल्याकडे रस्त्यावर चालवायचं पासिंग नाही, आरसी बुक नाही, गावात शोरूम नाही, पार्ट काउंटरवर मिळत नाहीत. त्यामुळे "मी एटीव्हीचंच काम करतो" असं म्हणणारा जो कोणी भेटेल, त्याचा शब्द अखेरचा. तो बरोबर सांगतोय की चूक, हे पडताळायला दुसरं कोणी जवळपास नसतं. हा धंदा त्यावरच चालतो.

पावसाळाभर गाडी मांगरात, म्हणजे वाडीतल्या खोपीत, उभी होती, टाकी अर्धी. हल्लीच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असतं. ते ओल ओढून घेतं, आणि आमच्याकडे जूनपासून हवेत ओलीशिवाय दुसरं असतं काय? टाकीचा रिकामा भाग आतून गंजतो. दसऱ्याच्या सुमारास गाडी बाहेर काढली. सेल्फवर लागली, जरा वेळ बरी चालली, मग पेट्रोलचा वास आणि खालून थेंब थेंब. प्लग काढला तर काळा आणि ओलाचिंब. गॅरेजच्या भाषेत, कार्बोरेटर ओव्हर होत होता.

आता हे का होतं ते समजून घ्या, कारण फसवणूक नेमकी इथेच होते. कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट असतो. पाण्याच्या टाकीतला बॉल व्हॉल्व जे काम करतो तेच हा करतो. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो, त्याच्या जिभेवर टेकलेली नीडल (छोटी टोकदार सळी) सीटमध्ये, म्हणजे पेट्रोल येतं त्या भोकात, जाऊन बसते आणि पेट्रोल बंद होतं. नीडलच्या टोकाला बहुधा रबर असतं. त्यावर चरा पडला, किंवा सीटवर गंजाचा एक कण येऊन बसला, की पेट्रोल थांबत नाही. वाटी भरत जाते आणि जास्तीचं पेट्रोल वाटीतल्या उभ्या नळीच्या तोंडातून खाली उतरून ओव्हरफ्लोच्या पाइपातून बाहेर पडतं. ते बाहेर पडावं म्हणूनच तो पाइप दिलेला असतो. ते आत जाण्यापेक्षा जमिनीवर सांडलेलं केव्हाही परवडलं.

चोक अडकला किंवा एअर फिल्टर तुंबला तरी प्लग काळा पडतो, धूर काळा येतो. पण तेवढ्याने उभ्या गाडीतून पेट्रोल सांडत नाही. सांडतंय म्हटल्यावर बघायच्या जागा मोजक्या: नीडल, सीट, सीटभोवतीची ओ-रिंग, फ्लोट, आणि वाटीतली ती उभी नळी चिरली आहे का. फ्लोट पितळी असेल तर कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर तो भोक पडून बुडतोय. यातली कुठलीच गोष्ट वाटी उघडल्याशिवाय कळत नाही. वाटी उघडायला चार स्क्रू काढावे लागतात.

आमच्या मेकॅनिकने ते काढले नाहीत. हायवेलगतच्या एका गावात त्याचं गॅरेज, नंबर बीचवर फेऱ्या मारणाऱ्या पोरांकडून मिळालेला. टेम्पोतून गाडी उतरवली, त्याने वाकून पाहिलं, पाइपाला बोट लावून वास घेतला. "शेठ, खारी हवा. बॉडी आतून वाकलीय. याला किट टाकून उपयोग नाही." न खोलता बॉडी वाकलेली कशी दिसली, असं विचारलं तर हसून म्हणाला, "रोजचं काम आहे आमचं." मुंबईहून ओरिजिनल जपानी मागवतो म्हणाला. 6,000 आधी, बाकीचे गाडी नेताना. बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर रक्कम लिहून दिली. जुना कार्बोरेटर मागितला तर म्हणे, "तो कंपनीला एक्सचेंजमध्ये जातो शेठ, म्हणून तर तुम्हाला कमीत पडला." इतक्या जुन्या गाडीच्या कार्बोरेटरचं एक्सचेंज कुठली कंपनी करते, देव जाणे.

गाडी परत आली तेव्हा टपकणं बंद होतं. त्यामुळे सुरुवातीला तक्रार करायला जागाच नव्हती. मग सकाळी स्टार्टिंग जड व्हायला लागलं, धूर काळा, पिकअप नाही. ऑइल बघायला काडी काढली तर पातळी वरच्या खुणेच्याही वर. बोटावर घेतलं तर टिकत नव्हतं, लगेच ओघळत होतं. फोन केला. पलीकडून जराही न थांबता उत्तर, जणू वाटच बघत होता: "पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल. बोअर, पिस्टन, रिंगा धरून 28,000. लवकर आणा, नाहीतर क्रँक जाईल." शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी दामटली तर बेअरिंगा आणि क्रँक जायला वेळ लागत नाही.

गाडी टेम्पोत चढायच्या आधी आबांना दाखवलं. आबा आमच्या वाडीतले, होड्यांची मशीनं दुरुस्त करतात. मशीन म्हणजे होडीच्या मागे लावतात ते आऊटबोर्ड इंजिन. त्यालाही कार्बोरेटर, त्यातही फ्लोट आणि नीडल, आणि खाऱ्या हवेचा त्रास तर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. एटीव्हीला त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता. काडीचा वास घेतला आणि म्हणाले, "रिंगो गेल्यो तर ऑईल कमी होता रे. वाढता कित्याक?"

विचार करा, किती साधी गोष्ट आहे. रिंगा झिजल्या की ऑइल जळतं, धूर निळसर येतो, पातळी खाली जाते. पातळी वर जातेय म्हणजे त्यात बाहेरून काहीतरी येऊन मिसळतंय. आणि वास पेट्रोलचा.

"पेट्रोल जाता खंय ता आधी बघूया," म्हणत आबा गाडीखाली आडवे झाले. ओव्हरफ्लोचा पाइप फ्रेमच्या मागे नेऊन केबल टायने आवळलेला होता. टाय कापून पाइप ओढला. टोकाशी करड्या एम-सीलचा गोळा. तो स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर आत पत्र्याला मारतात तसला छोटा स्क्रू, पाइपात पिळून बसवलेला. आबांनी पक्कडीने धरून तो फिरवत बाहेर काढला आणि त्याच्यामागून पेट्रोलची धार लागली. इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी, तरी धार.

म्हणजे गळती कधी थांबलीच नव्हती, फक्त बाहेर यायची वाट बुजवली होती. या गाडीच्या कार्बोरेटरचे हवेचे बारीक पाइप पाणी शिरू नये म्हणून वर हँडलपर्यंत नेलेले असतात, त्यामुळे तिथूनही पेट्रोल बाहेर दिसत नाही. मग ते एअर बॉक्समध्ये (एअर फिल्टरच्या डब्यात) आणि सिलिंडरमध्ये उतरतं, रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये जातं. आमच्याकडे ऑइलवरच निभावलं. सिलिंडर पेट्रोलने भरलेला असताना सेल्फ मारला असता तर पिस्टन वर यायला जागाच उरत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग 28,000 ही रक्कम खरोखरची झाली असती, आणि दोष खाऱ्या हवेला गेला असता. स्क्रू बसवणाऱ्याला हे कळत नसेल यावर माझा विश्वास नाही. ज्याला पाइप कुठला बुजवायचा ते कळतं, त्याला पुढचं बिल कशाचं येणार तेही कळतं.

मग वाटी खोलली. मिकुनीच्या खऱ्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) चौकोनात चौकोन अशी बारीक खूण असते, भिंगाखाली स्पष्ट दिसते. आमच्या "ओरिजिनल जपानी" जेटवर नुसता आकडा. बॉडीवरची अक्षरं बुजरी, कडेला साच्याची धार तशीच. चायनीज नक्कल, आमचा अस्सल भाग कुणाच्या तरी गाडीत विकून मोकळा. आणि त्या नकलेच्या सीटवरही तांबूस गंजाचा कण होता. टाकी तीच, गंज तोच. कार्बोरेटर सोन्याचा बसवला असता तरी ओव्हर झालाच असता. "बॉडी वाकलीय" म्हणणाऱ्याने टाकीत डोकावून पाहिलं नव्हतं.

टाकी काढून त्यात रॉकेल आणि मूठभर नट घालून आम्ही आळीपाळीने हलवत बसलो. कुळथाच्या कढणाच्या रंगाचं पाणी निघालं. पेट्रोल कॉकची (टाकीखालच्या तोटीची) जाळी फाटलेली होती, ती बदलली, पुढे एक कागदी फिल्टर लावला. सीट इअरबडने घासून साफ केली, नवी नीडल घातली. ऑइल बदललं, गाडी थोडी चालवून पुन्हा बदललं, कारण पहिल्या खेपेला सगळं पेट्रोल निघत नाही. ऑइल सोडता हजारच्या आत काम झालं. आबांनी मजुरी घेतली नाही, शहाळी घेतली.

फ्लोटची उंची त्यांनी ज्या पद्धतीने लावली ती शिकून घेण्यासारखी आहे. वाटीच्या तळाच्या ड्रेनच्या तोटीला सलाइनची पारदर्शक नळी जोडली, दुसरं टोक कार्बोरेटरच्या बाजूला उभं धरलं, ड्रेनचा स्क्रू सैल करून कॉक चालू केला. वाटीत जितकं पेट्रोल तितकंच नळीत चढतं. ते वाटी आणि बॉडीच्या सांध्याच्या जरा खाली थांबायला हवं. न थांबता चढतच राहिलं तर नीडल धरत नाही. थांबलं पण सांध्याच्या वर थांबलं, तर फ्लोटची जीभ किंचित वाकवायची, अगदी किंचित. दुसरी तपासणी कार्बोरेटर काढलेला असताना: वाटी बाजूला करून तो उलटा धरायचा आणि पेट्रोल येतं त्या तोटीला स्वच्छ पाइप लावून फुंकायचं. उलटा असताना फ्लोटच्या वजनाने नीडल बसते, फुंकर जाता कामा नये. सुलटा केला की गेली पाहिजे. गाडीला व्हॅक्यूमचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीने उघडणारा, कॉक असेल तर त्याची बारीक नळीही उपटून बघा. तिच्यात पेट्रोल निघालं तर कॉकमधला पडदा फाटलाय, पेट्रोल त्या वाटेने थेट इंजिनात जातंय आणि कार्बोरेटर निर्दोष आहे. हे सगळं उघड्यावर, सायलेन्सर गार असताना, आणि बिडीवाल्यांना लांब बसवून.

गॅरेजवाल्याला फोन केला. स्क्रूचा फोटोही पाठवला. "शेठ, तुम्ही दुसरीकडे खोललीत ना, मग गॅरंटी गेली," एवढं बोलून ठेवून दिला. कसली गॅरंटी, ती व्हिजिटिंग कार्डावर तर नव्हती. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण हातात बिल नाही, जुना भाग नाही. आहेत ते यूपीआयने पैसे दिल्याचे मेसेज, गाडी देतानाचे फोटो आणि तो स्क्रू. रोख दिले असते तर तेवढंही नसतं.

गाडी कोणाकडे देणारच असाल तर आधी कार्बोरेटरच्या बॉडीवर, आतल्या बाजूला, नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि नंबरासकट फोटो काढून ठेवा. वाटी तुमच्यासमोर उघडायला सांगा. वेळ नाही म्हणाला तर तुम्हालाही वेळ नाही. जुना भाग पिशवीत घालून परत हवा, हे पैसे ठरवतानाच बोलून घ्या. परत आल्यावर ओव्हरफ्लोचा पाइप शेवटपर्यंत हाताने चाचपा आणि तोंडाशी फुंकून बघा. आणि उभ्या गाडीचा पेट्रोल कॉक रोज बंद करा, दुरुस्ती कितीही चांगली झालेली असली तरी.

हे कळल्यावर तारकर्लीच्या एका ओळखीच्याने आपली गाडी तपासली. त्याच गॅरेजमधून आलेली, इंजिनासाठी 30,000 चा अंदाज मिळालेला, आणि पैसे जमवायला तो चतुर्थीनंतर थांबला होता. त्याच्याही पाइपात तसलाच स्क्रू निघाला. त्याच्या स्क्रूवर एम-सील नव्हतं, नुसती टेप गुंडाळलेली.