'१८४६ची मूळ पानं' म्हणून ३२,३५० रुपयांना घातलेली टोपी

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कवी-चित्रकार एडवर्ड लिअर याच्या विक्षिप्त कवितांवरची जुनी चित्रं फ्रेम करून विकणाऱ्या एका ऑनलाइन विक्रेत्याने मला व्यवस्थित बनवलं. दोन फ्रेमचे प्रत्येकी १४,५००, 'अस्सलपणाच्या प्रमाणपत्रा'चे २,०००, पॅकिंग-कुरिअरचे १,३५०. एकूण ३२,३५०. त्यातले १०,००० आगाऊ, उरलेले २२,३५० माल निघण्याआधी, सगळे यूपीआयने. 'दोनच नग उरलेत', 'दुसरं गिऱ्हाईक थांबलंय' वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच. पार्सल पोचलं आणि नंबर बंद.

चित्रं कोणती, तर दाढीत घुबडं आणि चंडोल घरटी करून बसतात तो म्हातारा, आणि होडीतलं घुबड-मांजर. प्रमाणपत्रावर दोन्हींपुढे एकच ओळ: '१८४६, पहिली आवृत्ती, मूळ पान'. म्हणजे लिअरच्या 'अ बुक ऑफ नॉन्सेन्स' या पुस्तकाची. तिथेच पाणी मुरत होतं! घुबड-मांजराची कविता पुस्तकात आली ती १८७१ सालच्या. १८४६च्या पुस्तकात ती असणार कुठून? हे मला माहीत नव्हतं असंही नाही. पण प्रमाणपत्राचा फोटो मुद्दाम तिरका आणि धूसर पाठवला होता, वर गोल शिक्का. नजर शिक्क्यावरच जाते. शिवाय एक चित्र खरंच जुन्या आवृत्तीतलं वाटत असेल, तर दुसऱ्याचं साल कोण तपासत बसतं?

आणखी एक. खाली पेन्सिलने लिअरची सही होती. पुस्तकातून सुट्या केलेल्या पानावर सही कशाला असेल? १८४६च्या पुस्तकावर तर त्याचं नावही नव्हतं, 'डेरी डाउन डेरी' हे टोपणनाव होतं. खरं नाव आलं १८६१च्या आवृत्तीत. सही दिसली की दोन पावलं मागे सरका.

फ्रेमच्या मागे चिकटपट्टी आणि स्टिकर: 'उघडू नये, दमट हवेने कागद खराब होईल'. सगळी मेख या स्टिकरात. आत चित्र हार्डबोर्डवर फेविकॉलने सपाट चिकटवलेलं, म्हणजे मागची बाजू कधी दिसूच नये. खरं जुनं पान जाणकार माणूस पूर्ण चिकटवत नाही. वरच्या कडेला दोन बिजागऱ्यांसारख्या कागदी पट्ट्या लावून आम्लमुक्त माउंटवर (चित्रामागच्या जाड पुठ्ठ्यावर) टांगतो.

दहापट भिंग लावलं तेव्हा उरलासुरला भ्रमही गेला. १८४६ची छपाई शिळाछाप, म्हणजे दगडावरून केलेली, १८६१ची लाकडी ठोकळ्यांवर कोरलेली. दोन्हींत रेघ सलग काळ्या शाईची असते. माझ्या चित्रातली काळी रेघ निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची निघाली. कोपऱ्यातला बुरशीचा तपकिरी डागसुद्धा ठिपक्यांचाच! डाग कागदावर पडलेला नव्हता, स्कॅनमधून छापून आला होता. अंधारात यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च मारला तर कागद निळसर पांढरा चमकला. तशी चकाकी आणणारी रसायनं कागदात साधारण १९५०नंतर आली. चहाच्या पाण्याने पिवळा केलेला कागद सगळीकडे सारखा पिवळा दिसतो, खरा जुना कडांना जास्त करपतो.

नक्कल विकण्यात गैर काही नाही. लिअर १८८८ साली वारला, चित्रांवर कोणाचा हक्क नाही. चांगल्या कागदावर 'नक्कल' असं लिहून विकलं असतं, तर हजार-दीड हजार मी आनंदाने दिले असते.

आता पोलीस ठाणं. 'माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?' हे पहिलं वाक्य. मग 'हे दिवाणी प्रकरण आहे', मग 'सायबरकडे जा', तिथून 'तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा'. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ छापून नेलं, तर साहेब म्हणाले, 'चित्र तर तेच आहे की.' १८४६ आणि १८७१ मधला फरक समजावत होतो, तेव्हा एक हवालदार फ्रेमकडे बघून म्हणाला, 'छान आहे, हॉलमध्ये लावा.' बँकेचं उत्तर त्याहून थोर: 'पैसे तुम्हीच पाठवलेत.' अर्जाची पोच द्यायलाही कुरकुर. चोर पळाला आणि फिर्यादीची उलटतपासणी!

पैसे गेल्याचं कळताच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा, तास-तास थांबू नका. फ्रेममध्ये घालण्याआधी पानाच्या मागच्या बाजूचा, तिरप्या उजेडातला फोटो मागा. ठोकळ्याची छपाई असेल तर बहुतेक वेळा मागे दाबाचा उठाव दिसतो. टाळाटाळ झाली तर सौदा संपला. जिल्हा ग्राहक आयोगात तुमच्या राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत २ वर्षं. मी तोच लावतो आहे. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या आणि वरचं वेष्टण फेकू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता त्या कुरिअरच्या चिठ्ठीशिवाय कुठेच नसतो.