बॅलन्सिंग की अलाइनमेंट?

सोलापूर-पुणे हायवेवर ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, हळू चालवली की थांबतं? मग आधी बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. रिमच्या आत वाळलेला चिखल खरवडून काढा, त्यानेही तोल जातो. ब्रेक दाबल्यावरच थरथर असेल तर डिस्क बघा.

गाडी एका बाजूला ओढते, ते बहुधा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन बिघडलेले. पण आधी टायर थंड असताना हवा तपासा, मग पुढची चाकं आपसांत बदला (फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असलेले टायर नकोत). ओढ बाजू बदलली तर दोष टायरचाच. अलाइनमेंटचे पैसे वाया जातील. टायरवर हात फिरवा: एकीकडून गुळगुळीत, उलटीकडून करवतीसारखं लागलं की टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलाय. टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा) ढिला असेल तर तो आधी बदला, नाहीतर सेटिंग टिकत नाही.