तीस इंची की चौतीस इंची? सांगली-मिरजेकडे पहिला बेस घेताना

पहिला बेस गिटार घेताना बहुतेक जण आधी ब्रँड बघतात, मग रंग, मग किंमत. माझ्या मते त्याही आधी ठरवायचा तो स्केल. स्केल म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत (अंगावर तार टेकते तो तुकडा) तारेची मोकळी लांबी. दुकानात दिसणारे बहुतेक बेस ३४ इंची असतात. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तो ३४ इंचाचा आणि पुढे तेच माप रूढ झालं. दुसरा पर्याय ३० इंची शॉर्ट स्केलचा. पॉल मॅकार्टनीच्या हातातला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर याच मापाचा, आणि फेंडरनेही १९६६ मध्ये मस्टँग नावाचा ३० इंची बेस काढला. त्यामुळे छोटा बेस म्हणजे लहान मुलांचं वाद्य, ही समजूत मनातून काढून टाका.

माझं मत आधीच सांगतो. ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या बँडमध्ये, गणपती-नवरात्रातल्या स्टेजवर वाजवायचं असेल तर ३४ इंची, चार तारांचा, बॅटरी न लागणारा पॅसिव्ह बेस घ्या. वाजवणारा दहा-बारा वर्षांचा असेल, हात लहान असेल, मनगट आधीच दुखरं असेल, किंवा वाद्य रोज स्कूटरवरून न्यावं लागणार असेल, तर ३० इंची घ्या आणि त्यात काही कमीपणा मानू नका. आता कारणं.

हाताचा हिशोब

फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर साधारण १३ सेंटिमीटर भरतं. ३० इंचीवर तेच साडेअकराच्या आत येतं. आकड्यात दीड सेंटिमीटर फार वाटत नाही, पण करंगळीला विचारा. गिटारवरून बेसकडे येणाऱ्यांना हा ताण पहिल्या आठवड्यातच जाणवतो, कारण ते चार फ्रेटवर चार बोटं ठेवायला जातात.

यावर डबल बेसवाल्यांची जुनी पद्धत आहे आणि ती खरोखर उपयोगी आहे. पाचव्या फ्रेटच्या अलीकडे, नटच्या बाजूला वाजवताना चारऐवजी तीनच फ्रेट धरायचे: पहिल्यावर तर्जनी, दुसऱ्यावर मधलं बोट, तिसऱ्यावर करंगळी, आणि अनामिका करंगळीच्या मदतीला. मग ३४ इंचीवरही पसारा नऊ सेंटिमीटरवर येतो. चौथा फ्रेट लागला की पंजा सरकवायचा, बोटं ताणायची नाहीत. त्यामुळे ‘माझा हात लहान आहे’ एवढ्या कारणावर छोटा बेस घेण्याआधी ही पद्धत महिनाभर नीट करून बघावी. तरीही अंगठ्याच्या बुडाशी किंवा मनगटात दुखत राहिलं, तर वाद ३० इंचीच्या बाजूने मिटला.

दुकानात छोटा बेस हाताळायला मिळेलच असं नाही. त्यावर एक युक्ती आहे. कुठल्याही ३४ इंची बेसवर दुसऱ्या फ्रेटपासून पुढे उरलेली तार साधारण सव्वातीस इंचांची असते. म्हणजे तिसऱ्या फ्रेटपासून पुढचं सगळं वाजवून बघितलं की ३० इंचीवर बोटं कशी पडतील याचा अंदाज येतो. वजनाचा आणि तारेच्या ताणाचा अंदाज मात्र यातून येत नाही.

बाजारात आणखी छोटे बेसही आहेत. आयबानेझचा मिक्रो २८.६ इंची आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलामुलींसाठी तो छान, पण मोठ्या माणसाने ‘शॉर्ट स्केल’ एवढंच वाचून मागवू नये. माप इंचात बघूनच ऑर्डर द्या.

आवाज, आणि डग्ग्याशी होणारी गर्दी

तीच जाडी, तोच सूर, पण लांबी कमी, म्हणजे ताण कमी. ३४ वरून ३० वर आलं की तारेचा ताण सुमारे बावीस टक्क्यांनी उतरतो. त्यामुळे छोट्या बेसवर तार मऊ लागते, आवाज गोल आणि भरीव येतो, आणि जाड तारेवर जोरात बोट मारलं तर सूर क्षणभर वर चढतो. मोठ्या बेसवर प्रत्येक सुराची सुरुवात ठळक ऐकू येते.

आपल्याकडे हा फरक जास्त महत्त्वाचा ठरतो, कारण इथे बेसचा साथीदार नुसता ड्रमसेट नसतो. तबला, ढोलकी, ढोलक, कधी हलगीसुद्धा. डग्ग्याची घुमक आणि बेसचा खालचा सूर एकाच जागेत येऊन बसतात. शॉर्ट स्केलचा गोल आवाज त्यात मिसळून जातो, आणि समोर बसलेल्याला नुसतं काहीतरी गडगडल्यासारखं ऐकू येतं, सूर कळत नाही. ३४ इंचीवर, ब्रिजच्या थोडं जवळ बोट मारलं तर सूर डग्ग्यातून बाहेर येतो. केरव्यात पहिल्या मात्रेवर बेस द्यावा आणि ‘गे’ला डग्गा घुमतो तिथे शक्यतो मोकळी जागा सोडावी. वाद्य कुठलंही असो, ही शिस्त पाळली की तबलजी आनंदाने तुमच्या शेजारी बसतो.

उलट बाजूही खरी आहे. भावगीतांची घरगुती बैठक, पेटी, एक गिटार आणि हळू आवाजातला तबला, अशा ठिकाणी गुळगुळीत वेटोळ्याच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा लावलेला ३० इंची बेस फार गोड बसतो. तिथे ठळकपणा नकोच असतो, सुराखाली एक ऊबदार आधार हवा असतो. तुमचं वाजवणं मुख्यतः असंच असणार असेल तर माझं वरचं मत बाजूला ठेवा.

काळी दोन, पांढरी पाच आणि पाचवी तार

ऑर्केस्ट्रात कोणी ई फ्लॅट म्हणत नाही, गायक पेटीवरच्या पट्टीच्या नावाने ‘काळी दोन’ म्हणतो. बेसच्या चार मोकळ्या तारा आपल्या भाषेत जाडीपासून अशा: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. हे एकदा पाठ झालं की स्टेजवर पट्टी सांगितली की बोट थेट जागेवर जातं.

आता काळी एक किंवा काळी दोन असली की मूळ सूर सगळ्यात जाड तारेच्याही खाली जातो, म्हणून पाच तारांचा बेस हवा असा सल्ला मिळतो. सुरुवातीला त्याची गरज नाही. काळी एक पांढरी सहाच्या तारेवर चौथ्या फ्रेटला आहे, काळी दोन सहाव्या फ्रेटला. तिथला आवाज भरदार असतो आणि साउंडवाल्याच्या स्पीकरमधून स्वच्छ येतो. मोकळ्या जाड तारेचा सूरच ४१ हर्ट्झचा. पाचवी तार ३१ हर्ट्झच्या आसपास जाते, आणि गावच्या जत्रेतल्या साउंडवर त्यातलं बरंचसं फक्त थरथरतं. ३० इंचीवर पाचवी तार तर माझ्या मते घेऊच नये, तेवढ्या कमी ताणात ती लोंबते.

तारा आणि हवा

तारांच्या बाबतीत ३४ इंची निर्विवाद सोयीचा. ४५-१०५ जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागात) लाँग स्केल, म्हणजे ३४ इंचीचा सेट कोल्हापुरात, पुण्यात सहज मिळतो. शॉर्ट स्केलचा सेट बहुतेक वेळा ऑनलाइनच मागवावा लागतो, म्हणून एक सेट कायम घरात ठेवा. लांब तार कापून छोट्या बेसवर लावायचा मोह होतो. अडचण अशी की तारेचा जाड भाग खुंटीवर गुंडाळावा लागतो, तो नीट बसत नाही, वेटोळं सुटतं आणि तार मुकी होते.

हवेचा त्रास दोघांनाही आहे. मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीच्या घरात, आणि जुलैत कृष्णाकाठची दमट हवा. मान दोन्ही ऋतूंत थोडी हलते, लांब मानेची आणि जास्त ताणाची थोडी अधिक हलते. तपासायचं असं: पहिला फ्रेट आणि सगळ्यात शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली फट बघा. साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट असली की मान ठीक आहे. फार कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली बाक ठरवणारी सळई, पाव फेरा फिरवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, मगच पुढचा पाव. पाना जोर लावल्याशिवाय फिरत नसेल तर थांबा आणि जाणत्याला दाखवा.

मिरज एवढी जवळ असल्यामुळे अनेकांना वाटतं की तिथे हे काम होईल. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्या कारागिरांबद्दल मला अतिशय आदर आहे. पण त्यांची विद्या भोपळ्याची आणि जवारीची (तारेला झंकार देणाऱ्या घोडीची), ट्रस रॉड आणि पिकअपची (तारेचा कंप विजेत पकडणाऱ्या भागाची) नव्हे. बेसचा साधा सेटअप स्वतः शिकून घ्या. अ‍ॅलन पाना, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि ट्यूनर यावर निम्मं काम भागतं.

स्कूटर, एसटी, रेल्वे

इथे छोटा बेस ठामपणे पुढे आहे. ३४ इंची बेस बॅगेसकट जवळपास चार फूट होतो, वजन साडेतीन ते साडेचार किलो. ३० इंची साधारण साडेतीन फुटांत बसतो आणि बऱ्याचदा किलोभर हलका असतो. पाठीवर अडकवून सांगलीतल्या विश्रामबागहून मिरजेला स्कूटरवर निघालात, तर मोठ्या बेसचं टोक हेल्मेटच्या वर जातं आणि झाडाची फांदी, दुकानाचा पत्रा, पार्किंगचं छत सगळ्यांना आधी तेच भिडतं. मागे कोणाला बसवणार असाल तर त्याने बेस उभा, दोघांच्या मध्ये धरावा.

एसटीत वरच्या फळीवर दोन्ही बसत नाहीत. वळणावर मोठा बेस तर हमखास खाली येतो. खिडकीची जागा धरायची, बेस उभा करून गुडघ्यांमध्ये, खुंट्या वर, तारांची बाजू स्वतःकडे. गर्दीच्या वेळी छोट्या बेससाठी कंडक्टर काही बोलत नाही, मोठ्यासाठी जागेवरून कुरबूर होऊ शकते. मागच्या डिकीत कुठलाही बेस टाकू नका. उन्हाळ्यात तिथे भट्टी असते आणि वर कोणाची पोती पडतील याचा नेम नसतो.

रेल्वेत हा फरक पुसला जातो. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री मुंबईला जाताना वरचा बर्थ घ्या, बेस भिंतीकडे आणि तुम्ही बाहेरच्या बाजूला. दिवसा कोयना एक्स्प्रेसने जाताना बेस खिडकीच्या कोपऱ्यात उभा राहतो. खालच्या बर्थखाली सरकवू नका, फरशी धुतल्याचं पाणी तिथेच साचतं. विमानाने जायची वेळ आली तर केबिन बॅगेची नेहमीची मर्यादा ५५ सेंटिमीटर लांबीची, त्यामुळे दोन्ही बेस नियमात बसत नाहीत. एअरलाइनशी आधी बोला आणि हार्ड केसमध्येच द्या. एरवी जाड अस्तराची बॅग पुरते. पावसाळ्यासाठी वरून रेनकव्हर मात्र हवंच, आणि बॅगेत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या.

एक गोष्ट छोट्या बेसच्या विरोधात. हलक्या अंगाच्या काही शॉर्ट स्केल बेसची मान उभं राहून वाजवताना खाली झुकते, आणि डावा हात वाजवायचं सोडून मान उचलत बसतो. घेण्याआधी पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. मान जमिनीकडे गेली तर आतून खरखरीत, रुंद पट्टा लागेल, नाहीतर दुसरा बेस बघा.

अँपवर पैसे घालण्याआधी

यात स्केलचा संबंध नाही, पण बजेट इथेच चुकतं. फ्लॅटमध्ये किंवा वाड्यात राहत असाल तर बेसचा आवाज भिंतीतून शेजारी पोहोचतो, व्हॉल्यूम कमी असला तरी. पहिलं वर्ष हेडफोन अँप (आवाज थेट हेडफोनमध्ये देणारा छोटा अँप्लिफायर) आणि चांगले, कान झाकणारे हेडफोन यांवर काढा. मोबाइलमधली तबल्याची लय लावून साठच्या गतीत, म्हणजे मिनिटाला साठ ठोके, वाजवा. छोट्या पंधरा वॅटच्या अँपमधून खालचा सूर पुरता निघतच नाही, आणि स्टेजवर असा अँप पुरत नाही. आपल्याकडे कार्यक्रमात बेस बहुतेक वेळा थेट मिक्सरलाच जातो, म्हणून अँपऐवजी एक चांगला डीआय बॉक्स, म्हणजे बेस मिक्सरला नीट जोडणारी छोटी डबी, घेतलेला बरा.

मांडवात जनरेटरवर लाईट असेल तर वाजवण्याआधी साउंडवाल्याला अर्थिंग विचारा. तारांना हात आणि ओठ माइकला, अशा वेळी खराब अर्थिंगचा झटका जिवावर बेतू शकतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण थांबत असेल तर ती साधी हम आहे. झिणझिण्या आल्या तर लगेच हात काढा, केबल काढून ठेवा आणि वायरमन येऊन बघेपर्यंत वाजवू नका.

पैसे वाटताना सगळे बेसवर घालू नका. पाचवा हिस्सा बाजूला काढा: जाड बॅग, रुंद पट्टा, दोन केबल, क्लिपचा ट्यूनर आणि तारांचा एक जादा सेट. सेकंडहँड बघत असाल तर ३४ इंची जास्त सहज मिळतो आणि विकायचा झाला तरी गिऱ्हाईक लवकर येतं. ३० इंची विकायला वेळ लागतो, पण लहान मुलांसाठी शोधणारे पालक त्याला बरी किंमत देतात.